रुखवतातली गाडी

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, देऊळगाव राजा या तालुक्याच्या गावी आजमितीस सर्वांत जास्त चारचाकी वाहने बाळगून असलेले इसम दोनच असून, त्यांपैकी एक प्रस्तुत लेखक आहे. या दोन इसमांकडे जेवढ्या जीपा, व्हॅनी आणि अँबॅसिडर आहेत तेवढ्या गावातल्या सगळ्या डॉक्टरांकडे, सगळ्या ठेकेदारांकडे आणि जालन्याच्या रस्त्यावर काळी-पिवळी चालवणाऱ्या सगळ्या मालकांकडे मिळूनही नाहीत. यातली एकही गाडी पावाच्या लादीपेक्षा मोठी नाही, ही बाब गौण समजावी.

दुसरा इसम माझा मित्र आहे. तो एका शाळेत चित्रकला शिकवतो, म्हणून गाव त्याला मास्तर म्हणतं. मीही तेच म्हणतो. मी स्वतः एका कचेरीत कारकून आहे. माझ्या आयुष्यात सांगण्यासारखं काही घडत नाही, त्यामुळे मी मास्तरच्या आयुष्यावर डोळा ठेवून असतो. रविवारी सकाळी चहा झाला की मी त्याच्या घरी जातो. तिथे खिडकीपाशी एक लांब टेबल आहे. त्या टेबलावर आम्ही दोघं पन्नाशीचे गृहस्थ डोळ्याला भिंग लावून गाड्या घडवतो. खऱ्या गाडीच्या अठरापट लहान, पण हुबेहूब.

कृती अशी. बालाजीच्या जत्रेतून खेळण्यातली गाडी आणायची, तिचा भडक रंग सोलून काढायचा, दारं कापून उघडी करायची, आतलं सगळं नव्यानं बसवायचं. नाहीतर सनबोर्डाचे तुकडे कापून कोऱ्यापासून सांगाडा उभा करायचा. मग त्यावर लांबी, म्हणजे पेंटरची पुट्टी, भरायची, पाण्याच्या पॉलिश पेपरनं घासायची, पुन्हा भरायची, पुन्हा घासायची, बोटाला सांधा लागेनासा होईपर्यंत. रंग गॅरेजमधल्या पेंटरकडून, खऱ्या गाडीला मारून उरलेला. दिव्यांच्या काचा म्हणजे औषधाच्या गोळ्यांच्या पाकिटावरचे पारदर्शक फुगे. मास्तरच्या आईला रक्तदाबाच्या गोळ्या सुरू झाल्या, तेव्हा मास्तरला झालेला आनंद त्याला लपवता आला नव्हता. चकचकीत पट्ट्या गुटख्याच्या पुडीतल्या चंदेरी कागदाच्या. गुटख्यावर बंदी आहे, पण त्या कागदाची टंचाई आम्हाला कधी पडलेली नाही. वायपर केसांच्या आकड्यांचे, टायर झिजलेल्या स्लिपरच्या तळाचे, आणि सीटकव्हर मास्तरच्या बायकोच्या, म्हणजे वहिनींच्या, जुन्या पर्सचं. ती पर्स जुनी नव्हती, हे नंतर कळलं.

गावानं या कलेची जी कदर केली तीही सांगतो. माणूस येतो. गाडी पाहतो. 'अरे वा' म्हणतो. न विचारता उचलतो, जमिनीवर ठेवतो, मागे ओढतो आणि सोडून देतो. सगळे हेच करतात. शिकलेला असो, अडाणी असो, त्याचा हात आपोआप गाडी मागे ओढतो, आणि गाडी पळाली नाही की त्याचा चेहरा असा पडतो की जणू आपण त्याला फसवलं. शाळेच्या प्रदर्शनात प्रमुख पाहुण्यांनी मास्तरच्या जीपचं हेच केलं. मागचा आस तुटला आणि एक चाक घरंगळत त्यांच्या खुर्चीखाली गेलं.

"सर, याची चाबी गेली वाटते," पाहुणे म्हणाले.

सगळं व्यासपीठ हसलं. मास्तर गुडघ्यांवर बसून खुर्चीखालून चाक काढत होता, आणि पाहुण्यांनी पाय उचलायचीही तसदी घेतली नाही. मीही हसलो. सगळ्यांत मोठ्यानं मीच हसलो असेन. पन्नाशीचा माणूस पाहुण्यांच्या बुटांमधून चाक शोधताना दिसणं हे रोज नशिबात नसतं.

घरी तर विचारूच नका. वहिनी पाहुणे यायच्या आधी गाड्यांच्या कपाटावर चादर टाकायच्या. दारू पिऊन पडलेल्या दिरावर टाकावी तशी. "पन्नाशीचा बाप्या, अन् भुर्र भुर्र खेळून राह्यला," असं त्या माझ्यादेखत म्हणत आणि मला चहा देत. मी चहा घेत असे. मास्तर पॉलिश पेपर घासत राही. एकदाच, एका जुन्या फियाटच्या दाराला बिजागरी बसवताना, मान वर न करता तो मला म्हणाला होता, "एकदा कोणीतरी हात मागे बांधून, खाली वाकून पाहावं बे. ओढू नये, सोडू नये. नुसतं पाहावं, आणि विचारावं की हे कसं केलं."

त्याला एवढंच हवं होतं. पुढे जे झालं ते समजायला एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

मास्तरच्या एकुलत्या एका मुलीचं लग्न ठरलं. मुलगी पुण्यात नोकरीला, मुलगाही पुण्यात नोकरीला, मूळ घर खामगावचं. दोघांनी आपसात आधीच ठरवलं होतं. हे दोन्ही घरांना माहीत होतं आणि दोन्ही घरं एकमेकांपासून लपवत होती, म्हणून मुलगी पाहायचा कार्यक्रम रीतसर झाला. मुलाचे वडील अगदी मुके नाहीत, पण जवळपास. कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून ते पोहे खात राहिले. बोलण्याचं सगळं खातं मुलाच्या मामांकडे होतं. मामांचा खामगावला सरकी-ढेपेचा व्यापार, गळ्यात सोन्याची साखळी, आणि आवाज असा की सगळ्या गल्लीला कळावं.

"आमाले काईच नको!" मामांनी जाहीर केलं. "फक्त पोरगी अन् नारळ! पोरगी आमची लक्ष्मी!" मग थोडं थांबून, फ्रिजवरून नजर फिरवत, "काईच नको म्हणजे काईच नको!" आणि निघताना, अंगणातल्या मास्तरच्या जुन्या स्कूटरकडे पाहत, "नारळ नसला तरी चालते!"

असे लोक मला फार आवडतात. यांच्या मागे चालत राहावं, काहीतरी पडतंच.

आता रुखवताचा प्रश्न आला. वहिनींच्या बहिणी कामाला लागल्या: सुपारीचे भटजी, खोबऱ्याचे मोर, मोत्यांची सप्तपदी. मास्तर एका रविवारी भीत भीत म्हणाला, "मीही करतो काहीतरी. गाडी."

"तुमची खेळणी मांडाची नाही तिथं," वहिनी म्हणाल्या. "खामगावचे लोक हासतीन."

पण मुलीनं पुण्याहून फोनवर बापाची बाजू घेतली, आणि मास्तरला परवानगी मिळाली. त्यानं ठरवलं की जावयासाठी ती उंच, रुबाबदार, आजकाल प्रत्येक डॉक्टरच्या दारात दिसते ती गाडी करायची. अगदी कोऱ्यापासून. आयुष्यातली सगळ्यांत चांगली. आणि मग त्यानं असं काही केलं जे फक्त गाड्या घडवणाराच माणूस करील. रंगाच्या डब्या समोर मांडल्या, फोन स्पीकरवर टाकला, आणि खामगावच्या मामांना लावला. मी शेजारी बसून बंपर घासत होतो.

"नमस्कार मामा. रुखवतात गाडी ठेवायचं चाललंय. म्हटलं, जावईबापूंना रंग कोणता आवडतो ते विचारून घ्यावं."

पलीकडे ढेपेचं पोतं पडल्यासारखा आवाज झाला.

"गाडी?"

"हो. ती उंच वाली. पांढरी करावी का काळी, ठरत नाही."

"सर," मामांचा आवाज एकदम देवळात आल्यासारखा झाला. "आमाले तं काईच नको होतं."

"तुमचं राहू द्या हो. ही माझी हौस आहे."

मग अगदी हळू, "मंग काळीच बरी. पांढरी लवकर मयते."

फोन ठेवून मास्तर माझ्याकडे वळला. डोळे चमकत होते. "पाहिलंस? मळण्याचा विचार केला! माणूस रंगाचा विचार करतो बे!"

इथे आमच्याकडची एक पद्धत सांगायला हवी. पलंग, कपाट, फ्रिज असल्या वस्तू मुलीला द्यायच्या असल्या तर त्या आता कोणी मंगल कार्यालयात वाहून आणत नाही. त्या परस्पर मुलाच्या घरी जातात किंवा बाहेर टेम्पोत उभ्या असतात, आणि रुखवताच्या टेबलावर त्यांची छोटी प्रतिकृती नाहीतर फोटो मांडला जातो. वऱ्हाडी मंडळी ते पाहून काय ते समजतात. पलीकडच्याच वर्षी एका ठेकेदारानं जावयाला मोटरसायकल दिली, तेव्हा रुखवतात खेळण्यातली मोटरसायकल होती आणि खरी मांडवाबाहेर हार घालून उभी होती. म्हणजे रुखवतात गाडी मांडणार म्हटल्यावर खामगावला काय समजलं असेल, ते जिल्ह्यातल्या कोणत्याही माणसाला कळेल. मास्तर सोडून. आणि मास्तरला ते सांगू शकणारा एकच माणूस त्या खोलीत होता.

मी तोंड उघडलंही. मग मला 'नारळ नसला तरी चालते' आठवलं, आणि मी तोंड मिटून बंपर घासायला लागलो.

त्यानंतर जो बहर आला तो काय वर्णावा! मामा स्वतः काही विचारू शकत नव्हते. काही नको म्हणून त्यांनी गल्लीभर ओरडून ठेवलं होतं. त्यामुळे त्यांना फक्त गोड बोलता येत होतं, आणि गोड बोलण्यातून हळूच बोट दाखवता येत होतं. दोन दिवसांत त्यांचा फोन.

"सर, तब्येत? वहिनी? बरं बरं. सहज केला. आजकाल म्हणे गाडीच्या छताले काच असते. उघडते म्हणे. आमाले काई नको, हं. सहज."

मास्तरनं घासून रंगवून तयार झालेलं छत कापलं. त्यानं फाईलच्या पारदर्शक प्लास्टिकची काच केली, सुईच्या टोकानं मागे सरकेल अशी. मग मुलाच्या आईचा फोन आला.

"माह्ये गुडघे दुखतात हो भाऊ. मांगची सीट जरा ऐसपैस असली म्हणजे झालं. बाकी आमचं काईच मागणं नाही."

मास्तरनं मागची सीट उपटली, पुढची दोन सुतांनी सरकवली, मागची नव्यानं शिवली. "आजवर मला कोणी मागच्या सीटबद्दल विचारलं नव्हतं," तो मला म्हणाला, आणि चष्मा काढून पुसायला लागला. मी म्हणालो, "खामगाव म्हणजे खामगाव." मग विहीणबाईंनी सुचवलं की डिक्कीत पापडाचे डबे मावले म्हणजे बरं, उन्हाळ्यात पुण्याला पाठवायचे असतात. मास्तर उठला, स्वयंपाकघरात गेला, पापडाचा डबा टेपनं मोजून आला, अठरानं भागलं, तेवढे डबे पत्र्याचे कापून बनवले आणि डिक्कीत बसवून पाहिले. एक बसेना. त्यानं डिक्की पुन्हा केली.

मला सांगा, हे थांबवण्याचं पाप कोण करील?

साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, खामगावला एका सभागृहात झालं. मीही गेलो होतो. न जाणं शक्यच नव्हतं. मामांनी मास्तरला फेटा बांधला, आपल्या शेजारी बसवलं, व्यापारी मित्रांना एकेक करून बोलावलं. "हे आमचे व्याही. मोठे कलाकार! आमी काई मांगतलं नाही हो, पण यायची हौसच मोठी!" मित्र मास्तरकडे अशा आदरानं पाहत होते की मला दोनदा बाहेर जाऊन हसून यावं लागलं. जेवणात मामांनी मास्तरच्या पानात स्वतः जिलेबी वाढली. नको म्हटलं तरी वाढली. मुलाचे वडील समोर बसून वरण-भात कालवत होते; ते नुसतेच हसले. परतीच्या गाडीत मास्तर खिडकीबाहेर पाहत होता आणि फेटा काढायला तयार नव्हता.

सगळ्यांत मोठा चमत्कार घरात झाला. कपाटावरची चादर गेली. टेबलावर वहिनींनी दुसरा दिवा लावून दिला. मागच्या दिव्यांना हवा तसा लाल रंग मिळेना, तेव्हा त्यांनी स्वतःची नेलपॉलिशची बाटली आणून दिली. बहिणींना त्या म्हणाल्या, "त्यांना हाक मारू नका, काम सुरू आहे." लग्नापासून 'काम' हा शब्द त्यांनी त्या टेबलाबद्दल कधी वापरला नव्हता. मास्तरनं तो ऐकला. भिंग डोळ्याला लावलेलंच होतं, त्यामुळे त्याचा एकच डोळा मोठा झालेला मला दिसला, आणि तो भरला होता.

पण बाई हुशार. मी एकदा चप्पल घालत असताना त्या दारापाशी आल्या.

"भाऊजी, ते लोक एवढे गोड काऊन बोलून राह्यले?"

"कदर आहे वहिनी," मी म्हणालो. "कापसाच्या गावची माणसं. धागा न् धागा पारखतात."

त्यांनी वळून गाड्यांच्या कपाटाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "म्हणजे मीच आंधळी होती म्हणा इतकी वर्षं."

चप्पल घालून निघालो, आणि कोपऱ्यावर पोचेपर्यंत शीळ वाजवत होतो.

लग्न देऊळगावलाच, एका लॉनवर. खामगावची मंडळी भाड्याच्या बसनं आली. बसमधून सगळ्यांत आधी मामा उतरले. त्यांच्या हातात झेंडूचा हार होता. असा हार की कोणत्याही माणसाच्या गळ्यात घातला असता तर घोट्यापर्यंत आला असता. काखेतल्या पिशवीत लिंबू-मिरची, नारळ, आणि चाकांखाली ठेवायला वेगळी लिंबं. आणि त्यांच्यामागे पांढरा इस्त्रीचा शर्ट घातलेला एक अनोळखी माणूस.

"हा आमचा ड्रायव्हर," मामा मला म्हणाले. "आणला सोबत. सहज."

रुखवताचं टेबल फुलांनी सजवलं होतं. मध्यभागी लाल मखमलीखाली गाडी. मास्तरनं मखमल ओढली.

मी पुष्कळ गाड्या पाहिल्या आहेत, निम्म्या स्वतः केल्या आहेत, आणि वेळप्रसंगी मित्राच्या कामात खोट काढण्यात मी कमी पडत नाही. ही गाडी पाहून मी खोट शोधली आणि मला सापडली नाही. काळा रंग असा की वर लावलेल्या माळांचे दिवे तिच्या बॉनेटवर मोजता यावेत. मामा पुढे झाले. त्यांनी हात मागे बांधले. खाली वाकले. छताची काच पाहिली, मागची सीट पाहिली, डिक्कीतले डबे पाहिले. सगळं खामगाव त्यांच्यामागे वाकलं. कोणी ओढली नाही, कोणी सोडली नाही.

"सर," मामा उभे राहत म्हणाले, "सेम टू सेम."

टाळ्या पडल्या. मास्तर माझ्याकडे पाहून हसला. तसं हसताना मी त्याला आधी कधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही पाहिलेलं नाही. वहिनी त्याच्या शेजारी उभ्या होत्या आणि त्यांनी सगळ्यांसमोर त्याच्या सदऱ्यावरचा दोरा काढला.

मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, पंगती बसल्या. मामांचं जेवणात लक्ष नव्हतं. मठ्ठा पिता पिता त्यांनी मला विचारलं, "साहेब, मांगच्या बाजूनं पार्किंग आहे का इथं?"

"आहे ना. मोठं आहे."

मामा गेले. थोड्या वेळानं बुटांवर धूळ घेऊन परत आले. "तिथं तं जनरेटर आहे फक्त."

"रस्त्याच्या पलीकडेही जागा आहे," मी मदत केली.

ते रस्त्याच्या पलीकडेही जाऊन आले. ड्रायव्हर त्यांच्यामागे हार घेऊन चालत होता, आणि उन्हानं झेंडू मलूल व्हायला लागला होता. मुलाच्या आईनं दोनदा फाटकाकडे पाहिलं. एका मावशीनं दुसरीला सांगितलं, "पाठवणीच्या टायमाले आणतीन. सरप्राईज असते आजकाल." मी त्या दोघींना सुपारी दिली.

पाठवणीची वेळ झाली. फाटकाशी बस लागली. मुलगी बापाच्या गळ्यात पडून रडली, आईच्या गळ्यात पडून रडली, मग डोळे पुसून नवऱ्याला म्हणाली, "तिकिटं तुझ्या फोनमध्ये आहेत ना?" दोघं परवाच पुण्याला निघणार होती. त्या दोघांना या प्रकरणाचा पत्ताच नव्हता. मामा हार दोन्ही हातांत धरून रस्त्याकडे तोंड करून उभे. ड्रायव्हरनं लिंबं खिशात तयार ठेवलेली.

आणि मास्तर गर्दीतून आला. दोन्ही हातांत काचेची पेटी, पेटीत गाडी. फेटा किंचित तिरका. तो सरळ विहीणबाईंपुढे गेला आणि पेटी त्यांच्या हातांत ठेवली.

"तुम्ही सांगितलं तसंच केलंय," तो म्हणाला. "मागची सीट ऐसपैस आहे. डिक्कीत डबे बसले. मामा, छताची काच सरकते, पाहा. आणि हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं." त्यानं पेटीखालचं बारीक बटण दाबलं. पुढचे दोन दिवे लागले.

मंडळी दिव्यांकडे पाहत राहिली. मग विहीणबाईंनी हळूच विचारलं, "अन् मोठी?"

"मोठी म्हणजे?"

"सर, मजाक पुरे आता," मामा हसत म्हणाले, पण हसणं ओठांपुरतंच. "कुठं उभी केली? पोरायले उशीर होऊन राह्यला."

"काय उभी केली?"

"गाडी."

मास्तरनं मामांच्या हातातल्या हाराकडे पाहिलं. हाराची लांबी पाहिली. मग ड्रायव्हरकडे. ड्रायव्हरच्या खिशातून लिंबं फुगून दिसत होती. मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. इतकी वाट पाहिल्यावर तेवढं सोडणं शक्य नव्हतं. फेट्याचा मान, पानातली जिलेबी, कलाकार म्हणून झालेली ओळख, हात मागे बांधून वाकलेलं सगळं खामगाव, एकेक करून त्याच्या चेहऱ्यावरून उतरत गेलं. अंगठा अजून बटणावरच होता. दिवे लागत होते, विझत होते, लागत होते.

"हीच," तो म्हणाला. "मी हीच केली."

"खेयनं देलं ना वं माय सरनं!" मघाची मावशी किंचाळली, आणि बसच्या खिडक्यांतून हसू फुटलं. खामगावही हसलं, देऊळगावही हसलं. वहिनींच्या बहिणी पदर तोंडाला लावून हसल्या. बँडवाले कशाला हसताहेत ते न कळताही हसले. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. नुसतंच पाहिलं. मग त्या मास्तरपासून दोन पावलं बाजूला जाऊन उभ्या राहिल्या.

"मामा, मी काय चालवू मंग?" ड्रायव्हरनं विचारलं.

विहीणबाईंनी पेटी हातभर लांब धरली होती, ओलं फडकं धरावं तशी. ती घ्यायला कोणी पुढे होईना. मास्तर त्यांना समजावत होता की बॅटरी बदलायची असली तर तळाचे दोन स्क्रू काढायचे. कोणी ऐकत नव्हतं. तो तरी सांगत होता. नवरदेव म्हणाला, "अहो, पुण्याले आमच्याकडं पार्किंगच नाही. काय गाडी गाडी लावलं तुम्ही?" मामांनी हार ड्रायव्हरच्या अंगावर फेकला आणि ओरडायला तोंड उघडलं, पण आपण कधी काही मागितलंच नव्हतं, हे आठवून ते तसंच उघडं राहिलं.

तेवढ्यात बसच्या पायरीजवळून मुलाचे वडील पुढे आले. मुलगी पाहायला आले तेव्हापासून आजपर्यंत मी त्यांचा आवाज ऐकला नव्हता. ते मास्तरकडे पाहत नव्हते, पेटीकडेही पाहत नव्हते. ते थेट आपल्या मेव्हण्यासमोर जाऊन उभे राहिले. मान लालबुंद झालेली. आणि सगळ्या वऱ्हाडाच्या कानांवर पडेल असे कडाडले,

"मंग गाडी आत घ्यासाठी माह्या घराची समोरची भिंत काऊन पाडाले लावली बे तू?"